रोज दीड तास शिक्षा

समुपदेशन हा शब्द मला पहिल्यापासून आवडला नाही. उपदेश करायचं काम माझं. मी बनारसमधल्या एका इंटर कॉलेजात गणित शिकवतो. पण बायकोने निक्षून सांगितलं, "अहो, कोणाशी तरी बोला, नाहीतर मी हिला घेऊन नागपूरला भावाकडे जाते." हिला म्हणजे आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला. समीकरणातलं एकच चिन्ह तिसऱ्यांदा चुकवलं म्हणून मी तिची कंपासपेटी भिंतीवर फेकली होती. त्यातलं कर्कटक तिच्या कानाजवळून गेलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. मी समोर बसलेला असताना ती आईला सांगायची, "बाबांना म्हणावं, जेवण वाढलंय."

गावातलं कोणी मला नको होतं. इथे मी ज्याच्याकडे जाईन तो एक तर माझा विद्यार्थी निघणार, नाहीतर विद्यार्थ्याचा बाप. म्हणून ऑनलाइन पुण्याच्या एक बाई शोधल्या. रीतसर परवाना असलेल्या; नावाखाली नोंदणी क्रमांकसुद्धा दिसायचा. मनातलं बोलायचं तर घरच्या भाषेत, मराठीत बोलावं, ही हौस माझीच.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचो, कारण घरात नेट धड येत नाही. वायफायची तार माकडांनी दोनदा कुरतडली होती. बाई विचारायच्या, "राग आला की तो शरीरात कुठे जाणवतो?" आणि तेवढ्यात त्यांचं चित्र तोंड उघडं ठेवून थिजायचं. खालच्या गल्लीतून प्रेत घेऊन मणिकर्णिका घाटाकडे निघालेले लोक 'राम नाम सत्य है' म्हणत जायचे. पहिल्यांदा ते ऐकून बाई चपापल्या. "तुमच्याकडे कोणी...?" "नाही हो, हे रोजचंच. तुम्ही विचारा." मग दहा मिनिटं 'आवाज येतोय का' आणि 'आता येतोय का' यात जायची, आणि मी नुसता चडफडत राहायचो. राग घालवायला म्हणून यायचं आणि दुप्पट घेऊन जिना उतरायचा.

चौथ्या गुरुवारी नेट चांगलं होतं. मी जरा मोकळा झालो. बाईंना मुलीबद्दल अभिमानाने सांगितलं, "तिची सगळी शिक्षा मीच बघतो. आईकडे काही सोपवलेलं नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोणती शिक्षा देता?"

"सध्या बीजगणित."

"रोज?"

"रोज दीड तास. रविवारी तीन."

"आणि ती काही म्हणत नाही?"

"आधी रडायची. मग सवय झाली. माझ्या वडिलांनी मलाही अशीच शिक्षा दिली. म्हणून तर मी माणसात आलो."

बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. बरंच लिहिलं. मला वाटलं, चला, आज काहीतरी पुढे सरकलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पत्नींना सोबत बसवा. मुलगी घरात सुरक्षित आहे ना, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय." माझं डोकंच फिरलं. आठवडाभर मी ते वाक्य चघळत होतो.

पुढच्या गुरुवारी बायको माझ्या शेजारी उपड्या बादलीवर बसली. बाईंनी तिला सरळ विचारलं, "हे मुलीला रोज दीड तास शिक्षा देतात, हे खरं आहे का?" बायकोला हसू फुटलं. "मॅडम, ह्यांना शिक्षण म्हणायचंय. इकडे हिंदीत शिक्षणालाच शिक्षा म्हणतात. ह्यांच्या कॉलेजच्या कागदांवर सगळीकडे तेच. घरातही तेच बोलतात." एवढं बोलून ती हसायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी मात्र सुटलोच. एका शब्दापायी तुम्ही मला आठवडाभर कसाई ठरवलंत, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या, "तेव्हाच विचारायला हवं होतं. पण सर, तुम्ही शिक्षा म्हणता तेव्हा तुमच्या मुलीला त्यातलं कोणतं ऐकू येतं?" म्हणे ऐकू येतं. हिंदी शाळेत जाणारी, घरात मराठी बोलणारी पोर. तिला दोन्ही येतं. यात विचारायचंय काय?

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेचे बूट घालत असताना विचारलं. बाईंना खोटं पाडायचं म्हणूनच विचारलं, हे कबूल करतो. "शिक्षा म्हणजे काय गं?"

तिने मान वर केली नाही. लेस बांधत म्हणाली, "मराठीवाली की हिंदीवाली?"

"कोणतीही."

"आप वाली तो एक ही है, बाबा."

दोन महिन्यांत ती माझ्याशी थेट बोलली, ती ही पहिलीच वेळ. ते ऐकून मी चिडलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. चिडलो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिचा लेसवरचा हात आपोआप उठून कानावर गेला. मी तोंड मिटलं.

पुढच्या गुरुवारी हे सगळं बाईंना सांगायचं ठरवून बसलो. त्या हाताबद्दल सांगायची वेळ आली आणि मला पुढे बोलताच येईना. पडद्यावरून बाई विचारत राहिल्या, "सर, आवाज येतोय का? नेट गेलं का?"

नेट अगदी व्यवस्थित होतं.