देव्हाऱ्यातला पंखांचा बिल्ला

“अहो वहिनी, हे काय करून ठेवलंत!” सुभेदार असे ओरडले, की वडीगोद्रीच्या हायवेवरचे ट्रकसुद्धा थबकले असतील. त्यांच्या हातात माझ्या काकूचा पितळी बिल्ला होता. दोन पंख आणि मधोमध पॅराशूट.

फौजेत गेलेला माझा चुलता परत आलाच न्हाई. बारा वर्षांमागं पाकिटातून नुसता हा बिल्ला आल्ता, चिठ्ठी न्हाई की नाव न्हाई. मी गावभर सांगायचो, काकांनी विमानातून उडी मारली ते अजून खालीच येऊन राह्यले, वाटेत दोनदा जेवले. लोक हसायचे. काकूनं बिल्ला देव्हाऱ्यात पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी मांडला, पण कुंकू काही पुसलं न्हाई. बिल्ला काकांचाच का, एवढं तरी कळावं म्हणून मी या रिटायर सुभेदारांना घरी आणलं.

“मागं बारीक नंबर खोदलेला असतो,” सुभेदार म्हणाले. “त्यावरून माणूस बराबर सापडला असता. हितं तर आरसा झालाय!”

बारा वर्षं दर अमावस्येला काकू तो चिंच आणि राखेनं घासत आल्ती.

तिनं बिल्ला परत घेतला.

“देव काळे ठेवतेत का कुठं?” ती म्हणाली.