भर वैशाखात शमामा

लग्नाला चार वर्षं झाली होती. आम्ही कळंबला राहायचो आणि हे एका आडत दुकानात धान्य पारखायला होते. मूठभर ज्वारी नाकाशी धरली, की भिजून वाळवलेली आहे का, पेवातली जुनी आहे का, ते लगेच सांगायचे.

त्या माघात ह्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होते. उठून कामावर जायला लागले, आणि चैत्र लागता लागता घरात अत्तराचा वास यायला लागला. सकाळी बाहेर पडताना कानात फाया, संध्याकाळी परत येताना वास आणखी दाट. ह्या माणसानं लग्नातसुद्धा अत्तर लावलं नव्हतं.

विचारलं तर म्हणाले, "दुकानात धूळ लई असती. त्यानं बरं वाटतं."

धुळीवर अत्तराचा इलाज मी कधी ऐकला नव्हता. मग मी पाळतच ठेवली. एकदा दूध करपलं. एरवी ओसरीवरून ओरडले असते, त्या दिवशी मुकाट्यानं प्याले. म्हटलं, चित्त दुसरीकडंच आहे. धुवायच्या आधी मी सदरे उलटे करून बघायची, कुठं कुंकवाचा डाग, कुठं लांब केस. काहीच सापडेना, तसा माझा संशय वाढतच गेला. जपून वागतोय माणूस! शेजारणीजवळ बोलायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं.

वैशाखात एकदा सदऱ्याच्या खिशात फाया राहिला. तो पदराच्या गाठीला बांधला आणि बांगड्या भरायचं निमित्त करून बाजार गाठला. मशिदीजवळ एक म्हातारे अत्तरवाले बसायचे.

"चाचा, हे कशाचं?"

त्यांनी फाया मनगटावर घासला आणि डोळे मिटले. "शमामा. मर्दाना अत्तर हाय, बेटी. आधी लवंग अन् जायपत्री पुढं येतात, भांडखोर दोघी. त्या निवल्या की नागरमोथा अन् जटामांसी, जंगलातल्या मुळ्यांचा वास. तळाला चंदन, ते शेवटपर्यंत ऱ्हातं. पण हे थंडीतलं. ह्या उन्हात कोण लावतंय?"

"बाईमाणसाला आवडावं म्हणून लावत्यात का, चाचा?" जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आडतीवरच्या पारख्याच्या घरातल्या का तुम्ही? ते दर बाजारी येतात अन् भांडतात. म्हणतात, पाणी विकता. कुपी नाकाखाली धरली तरी म्हणाले, ह्याच्यापेक्षा कडक दाखवा. ह्याच्यापेक्षा कडक माझ्याकडं न्हाय, बेटी."

करपलेलं दूध माझ्या डोळ्यांपुढं आलं.

संध्याकाळी हे आल्यावर म्हटलं, "डोळे मिटा." चिंधी रॉकेलमध्ये बुडवून नाकाशी धरली. "काय हाय?"

त्यांनी दोनदा जोरात हुंगलं. मग म्हणाले, "लवंग?"

डोळे उघडून त्यांनी चिंधी पाहिली, शेजारची रॉकेलची बाटली पाहिली. "तापानंतर गेलंय. नाकावर तर आपलं पोट हाय. रोज अत्तर लावून बघतो, आज तरी वास येईल."

"मग दोन महिने पारखलं कसं?"

"दाणा चावून, रंग बघून. दोनदा चुकलो."

"मला का सांगितलं न्हाय?"

"तू रडली असतीस."

"मग आता काय हसतीय का मी?" मला खरंच रडू येत होतं. आणि मी दोन महिने काय समजत होते, हे त्यांना सांगायची लाजही वाटत होती. ते मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून जेवायला येताना हे रुमालात धान्याच्या वानग्या बांधून आणायला लागले. मी वास घ्यायची आणि हे विचारायचे, "आंबूस हाय का? मातकट हाय का?" पहिले काही दिवस मी चुकले, पुढं नाक तयार झालं. मालकाला वाटलं, तापातून उठल्यावर माणूस सावध झालाय, जेवून आल्याशिवाय शब्द देत नाही.

वास काही परत आला नाही. शेवटी ह्यांनीच मालकाला खरं सांगितलं, वास बायको घेते हेसुद्धा. नोकरी जाईल म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. मालक म्हणाला, "मग वानगी सकाळीच घरी पाठवत जातो. दुपारपर्यंत गाड्या कशाला खोळंबून ठेवायच्या?"