पॅकिंगवाल्या काकूंच्या तीन वाट्या

आधी नाव घेतो ते परतवाड्याच्या पॅकिंगवाल्या काकूंचं. इथे हिमाचलात, सफरचंदांच्या बागांमधले जुने पंप आणि फवारणीची इंजिनं दुरुस्त करून मी पोट भरतो, ते त्यांच्यामुळे. काय घडलं ते आता सांगतो.

काकू कागदाचा वास घ्यायच्या. आपण खरबूज देठाशी हुंगतो ना, तसा. घरात लग्नाची पत्रिका आली की बाकीचे नावं वाचायचे, काकू तिचा कोपरा दुमडून बघायच्या. "वरून चकचक, पोटात भुसा," असं म्हणून बहुतेक पत्रिका बाजूला जायच्या. एखादी चांगली निघाली की लग्न होईपर्यंतही दम नसायचा, कातर चालायची. तारखेचाच तुकडा कापला गेल्यापायी काका एकदा चुलतभावाच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोचले होते.

बसस्टँडमागे काकांचं लहान इंजिनांचं दुकान, आणि त्याच खोलीत काकूंचं शिलाई मशीन. ज्या इंजिनांचे भाग आता कुठेच मिळत नाहीत ती काका उघडायचे. दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसून गळती अडवणारं ते पातळ पॅकिंग काकू घरीच कापायच्या. ब्लाउजचे गळे कापून सरावलेला हात. बोल्टची भोकं पाडायला मोडक्या छत्रीच्या पोकळ दांडीचा तुकडा, धार लावलेला.

मी शाळा आठवीत सोडली. अचलपूरजवळ आमचा भाजीचा मळा. वांग्या-कोबीला पाणी देणारं जुनं इंजिन माझ्या गळ्यात पडलं. कार्बोरेटरपाशी पेट्रोल गळत होतं, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग कापून बसवलं. दोन दिवसांत गळती दुप्पट, म्हणून इंजिन काकांच्या दुकानात आणलं. काकूंनी ते फुगलेलं रबर चिमटीत धरून वर केलं.

"पाहा हो, रबर लावलं या पोट्ट्यानं!" मग माझ्याकडे वळून, "बाप्पा, पेट्रोलात रबर म्हंजे लग्नातला जावई. जितकं पाजशीन तितका फुगते."

"मी तं नाई फुगलो कधी," काका इंजिनातून डोकं न काढता म्हणाले.

"तुमाले पाजलं कोनं?"

मला वाटलं, आता घरी हाकलतील. पण काकूंनी फळीवरच्या तीन वाट्या दाखवल्या. एकीत ऑइल, एकीत पाणी, एकीत पेट्रोल. तिच्यावर झाकण, आणि चूल दुसऱ्या टोकाला. "कागदाले पयले इचार, तुले कोनाच्या शेजारी रायाचं हाय? मंग त्याले रातभर त्याच्यातच ठेव." सकाळी तुकडा बाहेर काढायचा. फुगला, लिबलिबीत झाला, पदर सुटले, तर बाद. पोस्टकार्ड, वहीचा पुठ्ठा, एक्स-रेची फिल्म, सगळ्यांची अशी परीक्षा व्हायची. इंजिनाच्या डोक्याशी, जिथे जाळ होतो तिथे, मात्र कागद नाही. तिथे तांब्याचा पत्रा, तोही लाल करून पाण्यात बुडवून नरम केलेला.

जुनं पॅकिंग काकांनी खरवडून फेकलं की काकू चिडायच्या. "फेकून राहिले? मापच फेकून राहिले तुमी!" जुना कपटा एका चिमटीत, नवा कागद दुसऱ्या चिमटीत, डोळे मिटलेले. जाडी जुळली की मगच कातर. मळ्यातून सवड मिळाली की मी दुकानात शिकायला जायचो, तेव्हा मीही डोळे मिटून बसायचो. मला तेव्हा काहीच कळायचं नाही.

पुढे मळ्याच्या वाटण्या झाल्या. संत्र्याच्या ट्रकवर जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने इथलं काम सुचवलं. निघताना मी म्हटलं, "काकू, आठवी शिकलेल्याला तिकडे कोण ठेवून घेईल?"

"मालकाले सांगजो, रातभर थांब. घाई झाली का मानूस रबर लावते."

इथल्या मालकाने पहिल्याच दिवशी शाळेचा दाखला मागितला, पाहिला आणि परत दिला. एका गळक्या पंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "आज चालू कर, नहीं तो घर जा." कार्बोरेटरवर कोणीतरी रबरच लावलं होतं. मालकाने हातात दुसरं रबर दिलं. परतीच्या भाड्यापुरतेही पैसे नव्हते. तरी म्हणालो, "साब, एक रात दीजिए."

दाखल्याची जुनी पुठ्ठ्याची फाईल होती, तिचा कोपरा कापला. तो आणि मालकाचं रबर, दोन्ही पेट्रोलच्या वाटीत. मालक वाकून म्हणाला, "अचार डाल रहा है क्या?"

सकाळी रबर पुरीसारखं टम्म. पुठ्ठा होता तसाच. पंपाच्या खाचेत जुन्या पॅकिंगचा एक कपटा चिकटलेला सापडला. डोळे मिटले, दोन्ही चिमटीत धरले, आणि पहिल्यांदाच बोटांना फरक कळला. फाईल जराशी जाड होती. तिचा एक पदर सोलला, मग कापलं. पंप दुपारपर्यंत सलग चालवून पाहिला, थेंब पडला नाही. मालकाला मोडक्या हिंदीत जावयाची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे तो हसला. दाखल्याचं पुन्हा कधी विचारलं नाही.

परवा फोन केला. काकू म्हणाल्या, "बोटं बधिर झाली बाप्पा. पत्रिका अन पापड, आता सारखेच लागते मले." काका मागून म्हणाले, "वास मात्र अजून बरोबर घेते वो!"

काकू, मी एक दिवस येणार. तुमच्या मशीनशेजारी खाली बसणार. वास तुम्ही घ्या, जाडी मी सांगेन. आणि चुकलो, तर पहिल्या दिवशी बोललात तसंच बोला.