भरलेल्या नावेला आधी वाट

पुंजाजी तसा स्वभावाने वाईट नव्हता. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवत नसे, एवढंच. आणि गणेशचं तर फारच चांगलं चाललं होतं.

धरण झालं तेव्हा गावाची डोणगावच्या बाजाराकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली. पुंजाजीच्या शेताचा खालचा तुकडाही गेला. त्यानं लाकडी नाव केली आणि पंचवीस वर्षं माणसं पैलतीराला पोचवली. मध्ये दोन टेकड्यांच्या फटीतून नाव काढावी लागे. तिथं पूर्वी बैलगाडीची पांदण होती. वाळक्या बाभळींचे खुंट अजूनही दोन्ही बाजूंनी पाण्याबाहेर डोकावत, आणि मधून एका वेळी एकच नाव जाई. पाणी आलं तरी लोक त्या जागेला पांदणच म्हणत. नावा वाढल्या, आधी कोण यावरून भांडणं झाली, तेव्हा नियम पुंजाजीनंच घातला. तोही गाड्यांच्या काळचाच: रिकामीनं तोंडाशी थांबायचं, भरलेलीला आधी जाऊ द्यायचं.

पुढे गणेशनं इंजिनाची नाव आणली. हा गणेश वल्हं मारायला पुंजाजीकडेच शिकलेला. त्यानं आपणहून सांगून टाकलं, की दोन्ही नावा भरलेल्या असल्या तर इंजिनवाला थांबेल, वल्ह्याची नाव आधी जाईल. गावानं त्याचं कौतुक केलं. पुंजाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण त्याची नाव आता भरतच नव्हती. गणेशकडे दहा मिनिटांत पैलतीर, वर डोक्यावर छत. पुंजाजीकडे कोण कशाला येतंय? तो रिकामा जाई, रिकामा येई, आणि पांदणीच्या तोंडाशी खुंट धरून ताटकळत राही. जाताना गणेश हात जोडी. ते हात जोडणं त्याला सगळ्यात जास्त झोंबे. पोरानं शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मग एका सकाळी पुंजाजीनं नावेत दगड भरले. बांधावरचे, पडक्या गोठ्याचे, अंगणातले, हाताला लागतील ते. वरून ताडपत्री घातली. त्या दिवशी पांदणीत दोघं समोरासमोर आले. गणेशनं नाव पाहिली, इंजिन बंद केलं आणि खुंट धरला. पुंजाजी मान ताठ करून त्याच्यासमोरून गेला.

तीन आठवडे हे सुख चाललं. हाताला फोड आले, कंबर धरली. एखादं म्हातारं माणूस सवयीनं त्याच्याकडे आलंच तर तो माल आहे म्हणून परत पाठवी. पण गणेश थांबतोय, एवढ्यावर त्याचं पोट भरे.

बाजाराच्या दिवशी दुपारी तो असाच दगड घेऊन निघाला. पांदणीच्या पलीकडच्या तोंडाशी गणेश माणसं घेऊन उभाच होता. पुंजाजी बाहेर येऊन त्याच्या बाजूला लागला आणि त्याचं वल्हं हातातच राहिलं. छताखाली, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, त्याची बायको कोकिळा बसली होती. गणेशच्या कुठल्याशा बोलण्यावर ती हसत होती. घरात ती अशी कधी हसली होती, हे पुंजाजीला आठवेना.

"याच्या नावेत काऊन बसली तू?"

"सकाळी इचारलं तं तुम्हीच म्हणाले, माल हाये, जागा नाही."

बोलता बोलता तिची नजर ताडपत्रीवर गेली. तिच्यावर ती पापड वाळवायची, आणि कधीची शोधत होती. नावा हातभर अंतरावर होत्या. तिनं वाकून ताडपत्रीचं टोक उचललं. खाली तिचा धुण्याचा दगड होता, कडेला निळीचा डाग असलेला. अंगणातून तो नाहीसा झाल्यापासून ती शेजारच्या विमलबाईच्या दगडावर लुगडी आपटत होती.

नावेतले लोक पाहतच राहिले. गणेश तेवढा इंजिनाकडे बघत होता, आणि त्या बघण्यावरून पुंजाजीला कळलं की या पोराला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो थांबत होता.

कोकिळेनं टोक पुन्हा नीट दाबून बसवलं.

"या दगडाले जागा होती," ती म्हणाली. "मले नव्हती."

पुंजाजीची नाव पांदणीच्या तोंडातच आडवी झाली होती. गणेशची वाट अडली होती. गणेशनं अजून खुंट सोडला नव्हता.

"निघा काका," तो हळूच म्हणाला. "भरलेली नाव आधी."

नियम पुंजाजीचाच होता. त्यानं वल्हं उचललं आणि दगड घेऊन पुढे निघाला.