जत्रेच्या दिवशीची सरळ रेघ

माझी मुलगी पुण्यात हायड्रोजन फ्युएल सेलवर संशोधन करते. हे मी पाहुण्यांना इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे चुकीचं सांगितलंय, की आता खरं सांगायला गेलो तर तेच मला दुरुस्त करतील.

मला कळलंय ते एवढंच. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा, मधे पातळ पडदा. त्यातून वीज मिळते आणि मागं पाणी उरतं. हे घडायला प्लॅटिनम लागतं, आणि ते भलतंच महाग. पूर्वी सगळे जास्तीत जास्त वीज कशी निघेल याच्या मागं होते. आता, मुलगी म्हणते, प्लॅटिनम टाळायचं कसं आणि सेल टिकवायचा कसा, इकडं सगळ्यांचा ओढा आहे. तिनं प्लॅटिनमच्या जागी लोखंड वापरलंय. वीज येते, पण लवकर दमते. आधीचे सेल असेच मधेच बसले होते. या खेपेला टिकला तर तिचे मार्गदर्शक सर प्रबंध लिहायला परवानगी देणार होते. नाहीतर आणखी एक वर्ष.

नेमकी या चाचणीच्या शेवटच्या दिवशी वडगावला आमची जत्रा. सेल पुण्यातल्या प्रयोगशाळेत चालू, आणि ही इथं ओसरीवर मोबाइल धरून. त्यात सेलच्या विजेची एक रेघ मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती.

दौंडहून माझी थोरली बहीण आणि भाऊजी आले. मागच्या साली भाऊजी दवाखान्यात होते, तेव्हा बहीण बरेच दिवस अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून आतल्या यंत्रावरची हृदयाची रेघ बघत होती. त्यामुळं रेघांच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. तिनं मोबाइलात डोकावलं आणि माझ्याकडं आली.

“आरं, कुणाची हाय ती रेघ? पार सरळ झालीया. पोरगी बोलंना की रडंना.”

“तिच्या सेलची हाय.”

“मग गेला की त्यो.”

मी सणसवाडीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रोज यंत्रांत वावरणारा माणूस. तरी मी ओसरीकडं धावलो. मी मुलीला विचारेपर्यंत बातमी पंगतीत पोचली. भाऊजींनी रश्श्यात चुरलेल्या भाकरीवरचा हात काढून घेतला. माझे वडील, आबा, म्हणाले, “वाढायचं थांबवा. दुःखाच्या घरात मटान कसं खायचं?”

सगळे ओसरीवर. बहिणीनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. “नगं मनाला लावून घिऊ, बाय. दुसरा करू.”

“दुसरा कशाला, आत्या? चांगला चाललाय की.”

“आगं, रेघ सरळ झाली न्हवं?”

“सरळच पाहिजे. खाली वाकली की संपलं.”

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच तिला फसवलं होतं.

“मग कवापतूर सरळ पायजे?” भाऊजींनी विचारलं.

“दिवेलागणीपर्यंत.”

आबांनी पंगत पुन्हा बसवली, पण मंडळी ताटं घेऊन ओसरीवरच आली. घासाघासाला भाऊजी विचारायचे, “हाय का?” आणि आत्या, आता पक्की जाणकार, सांगायची, “हाय, हाय. वाकली न्हाई.”

देवळात आरती सुरू झाली तरी रेघ तशीच होती. मग सरांचा निरोप आला: प्रबंध लिहायला घे.

मुलीनं मोबाइल पालथा ठेवला. “आई, मला वाढ.” सकाळपासून ती चहावरच होती, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला एकटीला जेवायला लागू नये म्हणून भाऊजी पुन्हा बसले.