पूजेत ठेवलेलं रजिस्टर

माझं काम लिहून ठेवण्याचं. मैसूरच्या नंजनगूड रस्त्यावरच्या आमच्या छोट्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागाची कागदपत्रं मी सांभाळते. कंपनीचा सुरक्षा कार्यक्रम म्हणून एक जाड पुस्तक असतं. ते कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि किल्ली कोणी कधी घेतली याची वेगळी वही. आमच्याकडे जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. नवीन माणसांना पहिल्या दिवशी हे मी इतक्यांदा सांगते की माझा मुलगा घरी माझी नक्कल करतो.

आमचं घर मूळचं रंगाऱ्यांचं. मैसुरात किती पिढ्या झाल्या ते कोणी मोजलं नाही. आता घरात कोणी कापड रंगवत नाही, पण आयुधपूजेचा नियम तसाच राहिलाय: पूजेत मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. पूर्वी ठसे आणि हंडे मांडत. आता आई मिक्सर मांडते, आणि त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटावी लागते. मी कुरकुर करते, पण वाटते.

ऑफिसातही पूजा होते. त्या वर्षी अंगाची तपासणी करायची हातातली यंत्रं मांडली, प्रिंटर मांडला, वॉकीटॉकीला हार घातला. विमानाच्या चाकाखाली लिंबू ठेवावं असं कोणीतरी सुचवलं. पुस्तकात लिंबाची सोय नाही, म्हणून मी नको म्हटलं. एवढी शहाणी मी. आणि मग माझं हत्यार कुठलं, असा विचार करून विमान झडतीचं रजिस्टर मीच पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, वर शेवंती आणि नारळ ठेवला.

साडेतीनला विमान आलं. प्रवासी उतरले की आमची एक मुलगी आत जाऊन सगळ्या सीटा, वरचे कप्पे, शौचालयं तपासते आणि बाहेर येऊन लगेच वेळेसकट लिहिते. त्या दिवशी जी होती ती येलवाल गावची. दोन बस बदलून येते, नोकरीला वर्ष व्हायचं होतं, नवरा गेलेला, घरात कमावणारी ती एकटी. मला अक्का म्हणते. आमचं बोलणं कन्नडात चालतं.

झडती संपवून ती आली आणि रजिस्टरकडे हात केला.

"मुट्टबेडा," मी म्हटलं. हात लावू नकोस. "पूजेत आहे ते."

"अक्का, लगेच लिहायचं असतं ना?"

"मला शिकवू नकोस. कागदावर लिही. उद्या उतरवून घेऊ."

तिने कागदावर लिहिलं. पंख्याने उडू नये म्हणून मीच तो नारळाखाली सरकवला. सकाळी पूजा आवरणाऱ्याने फुलांबरोबर तो निर्माल्याच्या पिशवीत भरला आणि पिशवी गेली. वीस वर्षांत माझ्याकडून एक चिठ्ठी हरवली नव्हती. मग मी तिला विचारून विचारून नोंद माझ्या अक्षरात लिहिली, खाली तिची सही घेतली. आयतु, मिटलं, म्हटलं.

दोन महिन्यांनी मुख्य ऑफिसातून तपासणीला साहेब आले. मराठीच होते, पुण्याकडचे, बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. कुंकवाचे डाग पडलेल्या त्या नोंदीच्या पानावर ते थांबले.

"अक्षर आपलं आणि सही त्यांची, असं का?"

नोंद आधी कागदावर होती, ती मी उतरवली, एवढंच मी सांगितलं.

"मूळ कागद?"

"निर्माल्यात गेला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, न झालेल्या झडतीवर सही केली, असंच कोणीही म्हणेल. सही ज्याची, त्याचा पास रद्द होतो. चारपर्यंत लेखी स्पष्टीकरण द्या, दोघींच्या सहीने."

पास रद्द म्हणजे या विमानतळावर परत पाऊल नाही, आणि दुसरी कुठलीही कंपनी तिला दारात उभं करणार नाही. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ती पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी लिहायला बसले. स्पष्टीकरण लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही. इंग्रजीत, मोजून आठ ओळी. झडती वेळेवर झाली. सणाच्या गडबडीत सदर कर्मचारी रजिस्टरमध्ये नोंद करण्यास विसरल्या. नोंद मागाहून माझ्या देखरेखीखाली केली. विसरणं हा लहान गुन्हा आहे, ताकीद मिळून सुटेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं होती, हे सांगितलं नाही.

ती आली, खुर्ची ओढून बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. तिचं इंग्रजी सावकाश चालतं.

"सुम्ने, गुपचूप सही कर ग," मी म्हटलं. "चार वाजत आले."

"वाचल्याशिवाय सही करू नको, असं तुम्हीच सांगितलंत." चौथ्या ओळीवर बोट थांबलं. "अक्का, मी विसरले नव्हते."

आवाज चढलेला नव्हता. रागावली असती तर मी दुप्पट रागावले असते, मला ते जमतं. तिने त्या ओळीवरचं बोट फक्त काढलं नाही. मला लाज वाटली. एका पोरीच्या पोटावर पाय देऊन मी माझी वीस वर्षं स्वच्छ ठेवायला निघाले होते, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

मी कागद फाडायला उचलला आणि थांबले. साहेब समोरच बसले होते, आणि आमच्याकडे लिहिलेला कागद फाडता येत नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. मी चौथ्या ओळीवर रेघ मारली. वर लिहिलं, 'त्या नोंद करत होत्या. मी थांबवलं.' सही केली. मग तिने केली.

तिचा पास राहिला. माझ्याकडची किल्ली काढून घेतली. आता मी सामान काउंटरवर बसते. कपाट ती सांभाळते आणि मला अजून अक्काच म्हणते. ते स्पष्टीकरण तिच्याच कपाटात आहे. रेघेखालची माझी ओळ स्पष्ट वाचता येते.