खलात कुटलेल्या गोळ्या

मी नागपूरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, अक्कल मात्र बालवाडीतली. तार मिळाली तसा निघालो. अहेरीला पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बाबांना निमोनिया झाला होता. त्यावरची सुई टोचली की त्यांच्या अंगावर गांधी उठायच्या, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. पाच दिवस झाले तरी ताप हटत नव्हता.

"माय, औषध टाइमावर देऊन राह्यली ना?"

"घड्याळ पाहून देते. गोळी गिळाले होत नाई त्याईले. म्हणून खलात बारीक कुटते अन् मधात चाटवते."

आमच्या घरी मुळी असो की साल, औषध असंच घ्यायचं. मीही तसंच चाटून वाढलो. पण मी पाकीट उचलून पाहिलं. त्या गोळीवर लाखेचा पातळ थर होता. पोटातलं आम्ल या औषधाची वाट लावतं; लाख त्याला दाद देत नाही, गोळी सांभाळून आतड्यापर्यंत नेते आणि मग विरघळते. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. माय तर तरणेपणी पळसावरची लाख खरवडून बाजारात विकायची. पण गोळी फोडायची नाही, हे तिला सांगितलं कोणी? डॉक्टरांनी नाही. आणि मी, दीडशहाणा, सुट्टीत येऊन नुसत्या बढाया मारल्या.

एरवी मी आकांडतांडव केलं असतं. पण पाच रात्रींच्या जागरणानं तिचे डोळे सुजले होते. मी तसाच डॉक्टरांकडे पळालो, पुन्हा गोळ्या आणल्या. "ह्या नवीन हायत, अख्ख्याच द्या लागते," असं तिला खोटंच सांगितलं. बाबांनी दोन कशाबशा गिळल्या. तिसरी उलटीत बाहेर पडली. चंद्रपूरला हलवायला गाडी मिळेपर्यंत ते गेले. मी उशाशी बसून नुसता पाहत राहिलो. शिकलेलं काही म्हणजे काही कामाला आलं नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचे पाहुणे गेल्यावर माय जवळ येऊन बसली.

"बाबू, तू तं औषधाचंच शिकून राह्यला. माह्या हातून काई चुकलं तं नाई ना?"

"नाई वं माय."

"मंग औषधच खोटं असन."

"हो," मी म्हणालो. "औषधच खोटं होतं."